रुसणे, कुढणे आणि 'वगैरे' : मराठी कथनातील किशोरवयाच्या रोजच्या भावना

मराठीत 'रुसणे' आणि 'कुढणे' ही क्रियापदे शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचे संसार वेगळे आहेत. रुसायला दुसरे माणूस लागते. कोणावर तरी रुसायचे, ज्याच्यावर रुसलो त्याने ते पाहायचे, समजूत काढायची, आणि थोडे ताणून धरल्यावर आपण उठायचे, असा तो व्यवहार आहे. कुढायला कोणीच लागत नाही. म्हणून आपण 'आतल्या आत कुढतो' असे म्हणतो. 'आतल्या आत रुसतो' असे कोणी म्हणत नाही.

किशोरवयीन मुलामुलींच्या मानसिक अस्वास्थ्याबद्दल हल्ली बरेच लिहिले जाते. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात साधारण चार जण. ही चार मुले सोमवारी सकाळी वर्गात येऊन बसतात तेव्हा ती कोणती हे सांगता येत नाही, कारण विकार होण्याआधी जे असते ते अगदी रोजचे असते : हिरमोड, धास्ती, हेवा, ओशाळणे, कंटाळा. हे रोजचे केव्हा आणि कसे आजारात बदलते, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. मराठी कथनसाहित्यानेही तो आपल्या पद्धतीने हाताळला आहे, असे माझे म्हणणे आहे. आपल्या समीक्षेने मात्र शाळकरी वयावरच्या पुस्तकांवर 'स्मरणरंजन' हा शिक्का मारला आणि ती गोड आठवणींच्या कपाटात ठेवून दिली.

मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. कथा-कादंबऱ्या वाचताना भावनावाचक शब्द वेगळ्या वहीत उतरवून घ्यायची सवय अनेक वर्षांपासून आहे. त्या वह्या भरत गेल्या तसे त्या विषयावरचे संशोधनही मिळेल तसे वाचत गेलो. हा लेख त्या दोन वाचनांच्या सांध्यावर उभा आहे.

वादळाची कल्पना आणि पेजरची नोंद

किशोरवय म्हणजे वादळ, ही समजूत शास्त्रात रुजवण्याचे श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांना दिले जाते. 'अडोलसन्स' हा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९०४ सालचा. या वयात मन उसळते, खवळते आणि पुढे निवते, असे त्याचे सार. आपल्याकडे आजही 'वयच तसं आहे' या तीन शब्दांत तेच सांगितले जाते. या वाक्याची सोय अशी, की त्यानंतर मुलाला काही विचारावे लागत नाही.

वादळ खरोखर किती असते, हे पाहण्याचा एक साधा पण कल्पक मार्ग पुढे निघाला. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी शिकागोजवळच्या एका शाळेतील ७५ मुलामुलींच्या हाती आठवडाभर पेजर दिले. दिवसातून अनेकदा, अवचित, पेजर वाजे. वाजला की त्या क्षणी आपण कुठे आहोत, काय करतो आहोत आणि कसे वाटते आहे, हे मुलांनी टिपायचे. या नोंदींवर आधारलेले 'बीइंग अडोलसन्ट' हे पुस्तक १९८४ साली आले. मुलांच्या मनःस्थितीचे हेलकावे मोठ्यांपेक्षा मोठे असतात, हे या पद्धतीच्या अभ्यासांतून दिसले. मात्र १९८० साली याच संशोधकांनी दाखवले होते, की ज्यांचे हेलकावे मोठे ती मुले बिघडलेली किंवा असमाधानी असतात असे नाही. सकाळी आनंदाने नाचणारे आणि दुपारी तोंड फुगवून बसणारे मूल काळजीचे कारण नव्हते.

मग काळजी कशाची करायची? पुढच्या संशोधनाने दोन उत्तरे सुचवली. पहिले उत्तर बेल्जियमचे पीटर कुपन्स आणि त्यांचे सहकारी यांचे. एका क्षणीची भावना पुढच्या क्षणी किती उरते, याला त्यांनी भावनेचे जडत्व म्हटले. खोलीत माणसे बदलली, विषय बदलला, तरी मन जागचे हलत नाही, ते हे जडत्व. आईवडिलांशी बोलताना ज्या मुलांच्या भावनांत हे जडत्व अधिक दिसले, त्यांच्यात पुढच्या अडीच वर्षांत नैराश्याचा विकार उद्भवण्याचा संभव अधिक होता, असा त्यांचा २०१२ सालचा निष्कर्ष. दुसरे उत्तर आहे भावना वेगवेगळ्या ओळखता येण्याचे. वाईट वाटते आहे एवढेच कळणे वेगळे, आणि मला राग आलेला नाही, मी ओशाळलो आहे, हे कळणे वेगळे. अमेरिकेत लिसा स्टार यांच्या गटाने २०२० साली मांडले, की ज्या किशोरवयीनांना आपल्या नकोशा भावनांतला हा भेद करता येत नाही, त्यांच्या बाबतीत ताणाच्या प्रसंगांतून नैराश्याकडे जाणारी वाट अधिक रुंद असते. त्याआधी २०१८ मध्ये एरिक नूक यांच्या अभ्यासातून असेही पुढे आले, की हा भेद करण्याचे बळ लहानपणापेक्षा किशोरवयात कमी होते आणि प्रौढपणी पुन्हा वाढते. लहान मूल एका वेळी एकच भावना सांगते. किशोरवयात अनेक भावना एकदम येतात आणि एकमेकींत मिसळून जातात.

पहिले उत्तर वाचताना मला 'कुढणे' आठवले आणि दुसरे वाचताना माझ्या वह्या. हिरमुसणे, खट्टू होणे, वरमणे, खजील होणे, कानकोंडे होणे, कसनुसे होणे, चरफडणे, धुसफुसणे, रुखरुख, चुटपुट, हुरहूर, तगमग, घुसमट. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. रुखरुख झाल्या गोष्टीची असते, हुरहूर न झालेल्या. कानकोंडे व्हायला चार माणसे लागतात, चुटपुट एकट्याला लागते. भाषेने हे भेद करून ठेवले आहेत. प्रश्न असा, की ते मुलांच्या हाती कोण देते.

लंपनचे आकडे

प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' या चार पुस्तकांतून वाढतो. आईवडील दूरच्या गावी, हा आजी-आजोबांपाशी, बेळगावकडच्या कानडी-मराठी मुलखात. पुस्तकाचे नावच 'वनवास' आहे, तरी वाचकांच्या मनात राहते ती कथेतली माया आणि गंमत. लंपनची भाषा हा त्या गमतीचा मोठा भाग. एखादी गोष्ट किती वेळा झाली, किती तीव्रतेने वाटली, हे सांगताना तो मध्येच कुठलातरी मोठा, काटेकोर, पण कशालाही न जुळणारा आकडा सांगतो. ही मुलाची मजेशीर सवय आहे असे आपण वाचून पुढे जातो.

मला ही पेजरचीच नोंद वाटते. संशोधक विचारतो, 'एक ते सात यांत किती उदास?' लंपन त्याला त्याच्या मोजपट्टीवर न बसणारा आकडा देतो, कारण 'खूप' हा शब्द त्याला पुरत नाही. मोठ्यांच्या 'खूप'मध्ये सगळे एकसारखे होते. आकडा बदलला की प्रसंग बदलला, हे त्याला टिकवायचे आहे. सुमी समोर आली की त्याच्या आत जे होते, त्याला त्याच्यापाशी नाव नाही. नाव नाही म्हणून तो ते सोडूनही देत नाही. शरीरात काय झाले, आसपास काय होते, हे सांगत राहतो. ज्याला भावनांचा भेद करणे म्हणतात, ते शब्द हाती नसताना कसे करावे याचा हा मराठीतला अस्सल वस्तुपाठ आहे.

दुसरी गोष्ट, लंपनचे रुसणे पोचते. आजी पाहते, आजोबा पाहतात, कधी बोलून आणि पुष्कळदा न बोलता. त्यामुळे आईवडिलांपासून तुटल्याचे दुःख नाहीसे होत नाही, पण ते एकाच जागी साचूनही राहत नाही. या कथामालेत पुढे वडिलांचा मृत्यू येतो. त्या धक्क्याआधीची शेकडो पाने आपण स्मरणरंजन म्हणून वाचली असतील, तर तो मृत्यू कथेत बाहेरून आणल्यासारखा वाटेल. रोजच्या भावनांचा जमाखर्च म्हणून ती वाचली असतील, तर हा मुलगा एवढा भार कशाच्या बळावर उचलतो ते कळते.

शाळेबाहेरची जागा

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीवर स्मरणरंजनाचा शिक्का सर्वांत घट्ट बसला. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद जोशी, शिरोडकर नावाची मुलगी, मित्रांचे टोळके. पुढे आलेल्या चित्रपटाने हा रंग आणखी गडद केला. चाळिशीतले वाचक 'आमचीच गोष्ट' म्हणून हळवे झाले. त्यांचा हळवेपणा खोटा नव्हता, पण तो पस्तीस वर्षांनंतरचा होता. मुकुंदचे नववीचे वर्ष मुकुंदसाठी गोड नाही. ते भीतीचे, लपवालपवीचे आणि ताटकळण्याचे आहे.

या टोळक्याकडे शब्द एकच, 'लाइन'. बघणे, आवडणे, झुरणे, मिरवणे, सगळे त्यात कोंबलेले. त्या एका शब्दाखाली मुकुंदचे निवेदन मात्र बारीक विणलेले आहे. ती दिसली, दिसली पण बघितले नाही, बघितले पण मैत्रिणीकडे, अशा छटांनी त्याचा दिवस चढतो आणि उतरतो. भोवतीची शाळा, घर आणि आणीबाणीतला समाज यांचे या दिवसाशी काही देणेघेणे नाही. त्यांना गुण हवे आहेत आणि शिस्त हवी आहे. नरूमामा हे अशा घरातले उघडे दार. त्याच्यापाशी हा विषय हास्यास्पद ठरत नाही, एवढ्याने मुकुंदला श्वास घेता येतो. कादंबरी संपते तेव्हा शिरोडकर गाव सोडून गेलेली असते आणि समोर दहावीचे वर्ष असते. या शेवटात मला रमण्यासारखे काही सापडत नाही. जी भावना वर्षभर सांभाळली, तिला निरोपाचाही प्रसंग मिळत नाही, आणि त्याबद्दल मोठ्याने शोक करण्याची सोय नाही. कुढण्याची सुरुवात बहुधा अशीच होत असावी.

दहावीच्या सावटाचे मोजमापही उपलब्ध आहे. सुमन वर्मा, दीपाली शर्मा आणि लार्सन यांनी चंडीगढमधील आठवीच्या १०० मध्यमवर्गीय मुलामुलींचा पेजरच्याच पद्धतीने अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या वेळी मुलांची मनःस्थिती खालावलेली दिसली. गृहपाठात अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांत आत वळणाऱ्या त्रासांचे प्रमाण अधिक होते. फुरसतीत अधिक वेळ घालवणारी मुले त्या वेळी अधिक खुशीत असत, पण अभ्यासाची चिंता त्यांच्यातच जास्त होती. थोडक्यात, पुस्तक उघडले तरी जाच आणि मिटले तरी धास्ती. मुकुंदच्या टोळक्याला हे कोणी सांगावे लागले नसते.

मुलींना रुसण्याची परवानगी

आतापर्यंतचे दोन्ही नायक मुलगे आहेत. मुलीच्या रुसण्याचे काय होते हे पाहायला सव्वाशे वर्षांहून मागे जावे लागते. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिला आपण विधवेच्या दुःखाची, केशवपनाच्या क्रौर्याची कादंबरी म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या कडेलोटाआधी आपट्यांनी पानेच्या पाने कशावर खर्च केली? घरातल्या भीतीवर. वडिलांच्या आवाजाने बसणारा दचका, आईचे मूक होणे, दादाशी चालणारे कुजबुजते बोलणे, सासरच्या माणसांसमोर नजर कुठे ठेवायची याची धाकधूक. सुधारणावादी वाचनाने यातला मोठा अन्याय उचलला. तो ज्या रोजच्या तंतूंनी विणला होता, ते तंतू तसेच राहिले.

यमूच्या वयाला किशोरवय हे नाव नव्हते. मुलगी आणि सून यांच्या मध्ये थांबायला जागाच नव्हती. लग्नात जावई रुसला तर त्याचा रुसवा काढण्याचे सोहळे होत. सुनेचा रुसवा कुठे होता? तो होता भोंडल्याच्या गाण्यात. आश्विनात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून मुली जी गाणी म्हणत आल्या, त्यांत रुसून बसलेल्या सुनेचे एक गाणे आहे. सासरचे एकेक माणूस काही ना काही देऊ करत तिची समजूत काढायला येते आणि ती हटत नाही. काही पाठांत शेवटी नवरा येतो तो चाबूक घेऊन, आणि त्याबरोबर ती उठते. लहानपणापासून हे गाणे खेळ म्हणून म्हणणाऱ्या मुलींना त्यातून दोन गोष्टी एकदम शिकायला मिळत : रुसणाऱ्याला सगळे घर मनवते हे स्वप्न, आणि रुसणे कुठे संपते ही वस्तुस्थिती. ज्या समाजात मुलीचे रुसणे फक्त फेराच्या गाण्यात शक्य होते, तिथे घरात तिच्यासाठी कुढणेच उरले. यमूच्या निवेदनाचा सूर तोच आहे. ती आपल्याला जे सांगते, ते त्या त्या वेळी ऐकणारे कोणी फारसे नव्हते.

सगळ्यावर एकच पांघरूण

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर सांगू लागतो तेव्हा पंचवीस वर्षांचा आहे, पण सांगतो त्यात खेड्यातले बालपण आणि पुण्यातली कॉलेजची वर्षे येतात. त्याचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' मराठीत म्हणीसारखे झाले. समीक्षेने त्यांत बंडखोरी पाहिली, शैली पाहिली, अस्तित्ववादही पाहिला. लंपनच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले तर मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. लंपन प्रत्येक भावनेला वेगळा आकडा देतो. सांगवीकर सगळ्या भावनांवर 'वगैरे'चे एकच पांघरूण घालतो. दुःख वगैरे, प्रेम वगैरे. शब्द उच्चारायचा आणि लगेच त्यातली हवा काढून घ्यायची. वडिलांशी असलेला तेढ, पैशांची ओढाताण, परीक्षेतले अपयश, यांतले काहीच धड रुसण्याच्या पायरीवर येत नाही, कारण वडिलांवर रुसून उपयोग नाही हे त्याला लहानपणीच कळलेले आहे.

एका जागी हे पांघरूण सरकते. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, आणि सांगवीकरचा उपहासाचा सूर मोडतो. शोक उघडा पडतो. त्यानंतर 'वगैरे' परत येते ते अधिक गार होऊन. भावनांचे वेगळेपण पुसून टाकणे ही इथे बचावाची युक्ती आहे, आणि ती काम करते. फक्त तिची किंमत अशी, की नको ते पुसताना हवे तेही पुसले जाते. आजच्या मुलांच्या 'टेन्शन', 'बोअर', 'मूड ऑफ' या शब्दांना नावे ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या तरुणाने हीच युक्ती इंग्रजी शब्दांवाचून केली होती. दोष परक्या शब्दांचा नाही.

बाहेरचे ओझे

इथवरच्या मांडणीवर एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो मराठी साहित्यच घेते. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ सालचे. तोळ्याचे मासे बारा. अक्करमाशी म्हणजे अकराच भरलेला, पुरा न मोजला जाणारा. या पुस्तकातल्या मुलाला भावनांचे नाव घेता येत नाही असे मुळीच नाही. भूक आणि शरम यांच्यातला भेद त्याला आपल्यापेक्षा जास्त नेमका कळतो. शाळेत बापाचे नाव विचारले जाते, तेव्हा जे होते ते त्याच्या मनातले जडत्व नव्हे. तो प्रश्न रोज विचारला जातो, म्हणून ती भावना रोज येते. वरून न बदलणारी भावना दोन कारणांनी दिसू शकते : मन हलत नाही म्हणून, किंवा परिस्थिती हलत नाही म्हणून.

शास्त्रातही याला समांतर अशी सावधगिरी आली आहे. २०१९ साली 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकातील एका अभ्यासाने अनेक जुन्या नोंदी एकत्र तपासल्या. माणूस सरासरी किती बरे-वाईट अनुभवतो आणि त्यात किती चढउतार होतात, एवढे कळल्यावर जडत्वासारखी गुंतागुंतीची मापे फारशी नवी भर घालत नाहीत, असे त्यातून दिसले. कुपन्स यांचे म्हणणे यामुळे रद्द होते असे मला वाटत नाही. पण एक साधी गोष्ट पुन्हा समोर येते. एखाद्या मुलाच्या वाट्याला रोज किती वाईट येते, हा प्रश्न त्याला ते कसे पेलता येते या प्रश्नाच्या आधी विचारायला हवा. मुलांना भावना हाताळायला शिकवण्याचे वर्ग घेणाऱ्यांनी 'अक्करमाशी' वाचावे ते यासाठी. अपमान करणाऱ्याला मोकळे सोडून अपमान झालेल्याला श्वसनाचे व्यायाम शिकवले, तर ते मुलाच्या पदरी आणखी एक गृहपाठ टाकणे होईल.

समीक्षेने काय विचारावे

स्मरणरंजन हा शब्द मला वाङ्मयीन दोष म्हणून फारसा खटकत नाही. खटकते ती त्यातली नजरेची दिशा. तो मोठ्यांच्या बाजूने बघतो. त्या वयातून सुखरूप बाहेर पडलेला वाचक मागे वळून हसतो, आणि पुस्तकातले मूल अजून आतच असते. 'वयच तसं असतं' हे वाक्य घरात जे काम करते, तेच काम 'स्मरणरंजन' हा शब्द परीक्षणात करतो.

त्याऐवजी अशा पुस्तकांना तीन प्रश्न विचारता येतील. या मुलाची भावना किती वेळ टिकते, आणि ती टिकते ती मनामुळे की परिस्थितीमुळे? तिला सांगायला त्याच्यापाशी काय आहे : शब्द, आकडा, 'लाइन', की 'वगैरे'? आणि ती कोणाच्या दृष्टीस पडते? लंपनला आजी-आजोबा आहेत, मुकुंदला नरूमामा. सांगवीकर कोणाला दिसू नये अशी व्यवस्था स्वतःच करतो. अक्करमाशी सगळ्यांना दिसतो, पण त्याच्याकडे पाहणारी नजरच त्याचे दुखणे आहे. यमूला वाचकच आहेत, तेही उशिरा आलेले.

ही यादी पुढे नेता येईल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खेड्यापाड्यांतून, वसतिगृहांतून, क्लासेसच्या शहरांतून लिहिणारे किती तरी जण आले आहेत. त्यांच्या पुस्तकांतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचे मौन आपण अजून नीट वाचलेले नाही. माझी सध्याची वही त्या मौनांची आहे. त्यात शब्द कमी आणि प्रसंग जास्त उतरले आहेत : जेवताना ताटावरून उठणे, दार लावून घेणे, मैत्रिणीचा निरोप न सांगणे. यातले रुसणे कोणते आणि कुढणे कोणते, हे पुस्तकातले आईबाप बहुतेक वेळा ओळखत नाहीत. वाचकाला ते ओळखण्याची मुभा असते, कारण त्याच्यापाशी पान उलटून पुन्हा मागे जायला वेळ आहे.